प्रवास ग्राहकाचा, पदरमोड निर्मात्याची

स्वतंत्र व्हिडिओ निर्मात्यांच्या बिलातील एका ओळीचा तिढा : कर, करार आणि थकबाकी यांत अडकलेला पैसा

प्रतिनिधी

एखाद्या साखर कारखान्याचा माहितीपट असो, गोव्याच्या किनाऱ्यावरचे लग्न असो की मेळघाटात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा लघुपट. चित्रीकरणासाठी तेथे पोहोचणारे युनिट आज बहुधा कोणा मोठ्या कंपनीचे नसते. एक निर्माता-दिग्दर्शक, एक-दोन कॅमेरामन, ध्वनिमुद्रक आणि सहायक अशा चार-पाच जणांचा हा संच असतो आणि त्याची सारी आर्थिक जबाबदारी एकट्या स्वतंत्र व्यावसायिकावर असते. या व्यावसायिकांच्या बिलात चित्रीकरणाचा दर, संकलनाचा दर किंवा साधनसामग्रीचे भाडे यांवरून फारसे वाद होत नाहीत, कारण ते आधीच ठरलेले असतात. वाद होतो तो बिलाच्या शेवटी लिहिलेल्या एका ओळीवरून. ती ओळ म्हणजे ‘प्रवास, निवास व भोजन’.

वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. गाडीभाडे किती झाले, लॉजचे बिल किती आले, याच्या पावत्या जोडाव्यात आणि पैसे घ्यावेत, इतका हा मामला सोपा असायला हवा. प्रत्यक्षात मात्र याच ओळीत वस्तू व सेवा कर, प्राप्तिकर, कराराचा कायदा आणि लघुउद्योगांच्या थकबाकीचा प्रश्न असे चारही धागे गुंतलेले आहेत. ते नीट न सुटल्यास ग्राहकाच्या कामासाठी केलेला प्रवास निर्मात्याच्या मेहनतान्यातून वळता होतो आणि त्याचा पत्ता बहुतेकांना वर्षाअखेरीस, विवरणपत्र भरतानाच लागतो.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात या प्रश्नाची एक बाजू ठळकपणे समोर आली. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम लागू झाल्यानंतर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, उरलेल्या विमानांचे भाडे कडाडले आणि अखेर केंद्र सरकारला अंतरानुसार भाड्याची कमाल मर्यादा घालावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, तर दीड हजार किलोमीटरपलीकडे १८ हजार रुपये अशी ती मर्यादा होती. ऐन लग्नसराईतला हा काळ. महिनाभर आधी ठरलेल्या दरात तिकिटाची रक्कम धरून बसलेल्या निर्मात्यापुढे अशा वेळी दोनच पर्याय उरतात : फरक स्वतः सोसणे किंवा काम सोडणे. भाडे वाढले तर ते कोणाचे, हे कागदावर लिहिलेले नसेल तर ते निर्मात्याचेच, असा व्यवहाराचा अलिखित नियम आहे.

तीन पद्धती, तीन जोखमी

प्रवासखर्च वसूल करण्याच्या ढोबळमानाने तीन पद्धती रूढ आहेत. पहिली एकरकमी. प्रवासासह सर्व काही अमुक रुपयांत, असे कोटेशन दिले जाते. ग्राहकाला ही पद्धत सोयीची वाटते, कारण त्याला पावत्या तपासाव्या लागत नाहीत. लग्नाच्या कामांत तर तीच सर्रास चालते. मात्र भाडेवाढ, वाढलेला मुक्काम, पावसामुळे लांबलेले चित्रीकरण या सर्वांची जोखीम तिच्यात निर्मात्याकडे जाते. उलटपक्षी, खर्च अंदाजापेक्षा कमी झाला तर उरलेली रक्कम त्याचीच असते, हा तिचा फायदा.

दुसरी पद्धत प्रत्यक्ष खर्चाची. जेवढ्या पावत्या, तेवढी रक्कम. कंपन्या आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्था हिचा आग्रह धरतात, कारण त्यांच्या लेखापरीक्षकांना कागद हवा असतो. न्याय्य वाटणाऱ्या या पद्धतीची अडचण अशी, की ग्रामीण भागात प्रत्येक खर्चाला पावती मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणचे जीपभाडे, रस्त्यावरच्या धाब्यावरील जेवण, सामान चढवणाऱ्या हमालाची मजुरी यांची छापील पावती मागणे म्हणजे नसती अपेक्षा. मग लेखा विभाग त्या रकमा कापतो आणि बिल अपुरे मंजूर होते.

तिसरी पद्धत ठरीव दराची. गाडीला किलोमीटरमागे अमुक रुपये, माणशी दररोजचा भत्ता अमुक रुपये, असे आधीच ठरवले जाते. पावत्यांचा घोळ नाही आणि जोखीमही दोघांत वाटली जाते. व्यवहार्यतेच्या दृष्टीने लहान युनिटसाठी हीच पद्धत उजवी म्हणता येईल. प्रश्न एवढाच उरतो, की तो दर किती असावा?

किलोमीटरचा हिशेब

अमेरिकेत तेथील महसूल खाते व्यवसायासाठी स्वतःची मोटार वापरणाऱ्यांकरिता दरवर्षी मैलामागे एक प्रमाण दर जाहीर करते. २०२५ साठी तो ७० सेंट होता. तो मूळचा करआकारणीसाठी असला तरी ग्राहक आणि व्यावसायिक यांच्यातील बोलण्यांत तोच आधार म्हणून वापरता येतो. भारतात स्वतंत्र व्यावसायिकांसाठी असा अधिकृत दर नाही. त्यांना प्रत्यक्ष खर्च आणि वाहनाचा घसारा यांची नोंद ठेवूनच प्राप्तिकरात वजावट घ्यावी लागते. त्यामुळे दराचा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने, ग्राहकाच्या मर्जीनुसार सुटतो.

हा फरक किती मोठा आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत येण्याचे अंतर ४६५ किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी लिटरमागे १५ किलोमीटर धावते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे धरले, तर निव्वळ इंधनाचा खर्च ३,२५५ रुपये होतो. बहुतेक ग्राहक ‘पेट्रोलचे पैसे देऊ’ असे म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हीच रक्कम असते. टायरची झीज, देखभाल, विमा, गाडीचे घटणारे मूल्य आणि आठ-नऊ तास गाडी चालवणाऱ्याचे श्रम तिच्यात येत नाहीत. याउलट, केंद्र सरकारने १३ जुलै २०१७ च्या आदेशान्वये आपल्या पात्र अधिकाऱ्यांसाठी, स्थानिक दर निश्चित नसतील तेथे, स्वतःच्या मोटारीने केलेल्या प्रवासाला किलोमीटरमागे २४ रुपये मान्य केले होते. त्या हिशेबाने याच फेरीचे ११,१६० रुपये होतात. स्वतंत्र निर्मात्याला हा सरकारी दर मिळावा, असा दावा कोणी करणार नाही. परंतु तीन हजार आणि अकरा हजार यांच्या दरम्यान कोठेतरी खरा खर्च आहे, एवढे तरी त्यावरून स्पष्ट व्हावे.

टोलचीही अशीच गुंतागुंत आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाल्याने टोलच्या कागदी पावत्या जवळपास नाहीशा झाल्या. पण खात्याचे विवरण हा त्याहून चांगला पुरावा ठरतो, कारण त्यात नाका, तारीख आणि वेळ अशा तिन्ही गोष्टी असतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी तीन हजार रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास उपलब्ध झाला. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांपुरता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांसारख्या राज्याच्या रस्त्यांवर तो चालत नाही. पासधारकाच्या विवरणात प्रत्येक नाक्यापुढे स्वतंत्र रक्कम दिसत नाही. मग ग्राहकाकडून काय घ्यायचे? पासच्या किमतीचा वाटा की नेहमीचा टोल? पास निर्मात्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला असल्याने किलोमीटरच्या ठरीव दरात टोल धरणे हाच यावरचा सरळ मार्ग आहे.

विमानप्रवासात तिकिटापेक्षा सामानाचा हिशेब चुकतो. बहुतेक देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटांवर १५ किलो सामान मोफत नेता येते. कॅमेरा, ट्रायपॉड, दिवे आणि स्टँड यांचे वजन या मर्यादेत क्वचितच बसते आणि विमानतळावर भरावे लागणारे जादा सामानाचे शुल्क आगाऊ आरक्षणापेक्षा महाग पडते. लिथियम बॅटऱ्या तर सामानकक्षात टाकताच येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतूनच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-अवरपेक्षा मोठ्या सुट्या बॅटऱ्यांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. ‘तिकिटाचे पैसे देऊ’ या आश्वासनात हे शुल्क धरले आहे की नाही, हे विचारण्याची वेळ काउंटरवर येऊ नये.

गाडीभाड्यावरही जीएसटी

खरा तिढा सुरू होतो तो करापाशी. प्रवासाचा खर्च मी ग्राहकाच्या वतीने केला, तो माझे उत्पन्न नाही. मग त्यावर कर कशासाठी, असा प्रश्न अनेक निर्माते विचारतात. सामान्य तर्काला धरून असलेला हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. महामार्ग प्रकल्पांची सल्लागार असलेल्या इंटरकॉन्टिनेंटल कन्सल्टंट्स अँड टेक्नोक्रॅट्स या कंपनीने विमानप्रवास, निवास आदींच्या परताव्यावर सेवाकर लावण्यास आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी कंपनीच्या बाजूने निकाल देत सेवाकर मूल्यनिर्धारणाचा तो नियमच रद्दबातल ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०१८ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले.

तथापि, या विजयाचा उपयोग आजच्या व्यावसायिकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्याआधीच, १४ मे २०१५ पासून, संसदेने मूळ कायद्यात दुरुस्ती करून परताव्याच्या खर्चाचा समावेश सेवेच्या मूल्यात केला होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्याच्या कलम १५ मध्येही आनुषंगिक खर्च सेवेच्या मूल्याचाच भाग मानला गेला. म्हणजेच नोंदणीकृत निर्मात्याने आपल्या बिलात लावलेल्या प्रवासखर्चावर, चित्रीकरणाच्या सेवेवर जो १८ टक्के कर आहे, तोच लागतो. भाड्याच्या मोटारीवर मूळ कर पाच टक्के होता, हा युक्तिवाद चालत नाही.

याला अपवाद आहे तो ‘निव्वळ अभिकर्त्या’चा, म्हणजे प्युअर एजंटचा. नियम ३३ नुसार ग्राहकाने अधिकार दिलेला असेल, रक्कम बिलात स्वतंत्र दाखवली असेल, घेतलेली सेवा निर्मात्याच्या स्वतःच्या सेवेव्यतिरिक्त असेल आणि जेवढा खर्च तेवढाच वसूल केला असेल, तर ती रक्कम करपात्र मूल्यातून वगळता येते. नियमातच दिलेले उदाहरण कंपनी नोंदणीच्या सरकारी शुल्काचे आहे. त्या धर्तीवर, चित्रीकरणस्थळाच्या परवानगीचे शुल्क ग्राहकाच्या नावाने भरले तर ते या अपवादात बसू शकते. मात्र निर्माता स्वतः ज्या गाडीत बसला आणि ज्या खोलीत झोपला, त्या सेवा त्याने आपले काम पार पाडण्यासाठी स्वतःच वापरल्या. त्यामुळे युनिटचा प्रवास या व्याख्येत सहसा बसत नाही. तरीही ‘परतावा’ असा शिक्का मारून करमुक्त बिले देण्याची पद्धत सर्रास आढळते. तपासणीत ती उघडकीस आल्यास कर, व्याज आणि दंड हे सारे निर्मात्याच्याच माथी येते. तोवर ग्राहकाचे काम संपलेले असते.

यावर उपाय म्हणून तिकिटे आणि निवास यांची व्यवस्था ग्राहकाने थेट करावी, असे सुचवले जाते. उपाय चांगला आहे, पण त्यालाही एक अट आहे. जो खर्च करणे निर्मात्याची जबाबदारी होती तो ग्राहकाने केला, तर तोही सेवेच्या मूल्यात धरावा, असे कलम १५ मध्येच म्हटले आहे. म्हणून ‘प्रवास व निवासाची व्यवस्था ग्राहक करील; ती निर्मात्याच्या कामाचा भाग नाही’ हे वाक्य करारात असणे महत्त्वाचे ठरते.

निर्मात्याने भरलेल्या कराची वजावटही पुरती मिळत नाही. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनाच्या भाड्यावरील कर आणि खाद्यपदार्थांवरील कर यांची वजावट कायद्याने रोखलेली आहे. गोव्यातील हॉटेलचे उदाहरण तर महाराष्ट्रातील निर्मात्यांच्या नेहमीच्या अनुभवाचे आहे. हॉटेल ज्या राज्यात, त्या राज्याचा कर, या नियमाने तेथील बिलावर केंद्राचा आणि गोव्याचा कर लागतो. महाराष्ट्रातच नोंदणी असलेल्या निर्मात्याला त्याची वजावट मिळत नाही. तेव्हा खर्चाची रक्कम बिलात लावताना जेथे वजावट मिळते तेथे करविरहित आणि जेथे मिळत नाही तेथे करासह रक्कम धरावी लागते. हा बारकावा न पाळणारे एक तर ग्राहकाला जास्त आकारतात किंवा स्वतःचे नुकसान करून घेतात.

एकरकमी दरात हे नुकसान किती होते, तेही पाहण्यासारखे आहे. समजा, मेहनताना ६० हजार आणि प्रवासखर्च २५ हजार धरून निर्मात्याने ‘सर्व करांसह ८५ हजार’ असे कोटेशन दिले. तो नोंदणीकृत असेल तर या रकमेतील १२,९६६ रुपये कर म्हणून सरकारकडे जातात. उरलेल्या ७२,०३४ रुपयांतून प्रवासाचे २५ हजार वजा केल्यावर हाती ४७,०३४ रुपये राहतात. साठ हजारांचे काम सत्तेचाळीस हजारांत झाले. ‘करांसह’ आणि ‘कर वेगळा’ या शब्दांची ही किंमत आहे.

वीस लाखांची सीमारेषा

ज्यांची नोंदणी नाही, त्यांनाही निर्धास्त राहता येत नाही. महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्यांना वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही. ऑक्टोबर २०१७ मधील अधिसूचनेनंतर परराज्यातील ग्राहकांना सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकांनाही ही सवलत मिळाली. परंतु उलाढालीत बिलाची पूर्ण रक्कम मोजली जाते, फक्त मेहनताना नव्हे. वर्षभरात साडेसोळा लाखांचा मेहनताना आणि चार लाखांचा प्रवासखर्च बिलात लावणारा निर्माता साडेवीस लाखांवर, म्हणजे सीमारेषेपलीकडे जातो. त्या चार लाखांतला एक रुपयाही त्याच्या घरी आलेला नसतो. पुढच्या बिलापासून मात्र त्याला १८ टक्के कर लावणे भाग पडते आणि लग्नघरे, शाळा, लहान संस्था अशा ज्या ग्राहकांना वजावट मिळत नाही, त्यांच्यासाठी तो तेवढ्याने महाग होतो. या एकाच कारणासाठी, सीमेजवळ असलेल्यांनी प्रवासाची व्यवस्था ग्राहकाकडे सोपवणे हिताचे आहे.

टीडीएसची कात्री

घरगुती समारंभाच्या नेहमीच्या कामांवर ग्राहकाला कर कापून घ्यावा लागत नाही. कंपन्या आणि संस्था मात्र तो कापतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी दोन कलमे होती. प्रसारणासाठी कार्यक्रमनिर्मिती आणि जाहिरात यांसारख्या कंत्राटी कामांना १९४ सी, ज्यात व्यक्तीला एक टक्का कपात होते. आणि व्यावसायिक सेवांना १९४ जे, ज्यात ती दहा टक्के आहे. २०२५ च्या नव्या कायद्यात, जो १ एप्रिल २०२६ पासूनच्या काळाला लागू आहे, या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र केलेल्या आहेत. वाहिनीने सांगितलेल्या तपशिलाबरहुकूम तयार केलेल्या कार्यक्रमाला कंत्राटाचे कलम लागू होते, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २९ फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. तरीही अनेक कंपन्यांचे लेखा विभाग सुरक्षित मार्ग म्हणून सरसकट दहा टक्के कापतात.

ही कपात प्रवासखर्चावरही होते. ८ ऑगस्ट १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ मध्ये मंडळाने म्हटले होते, की कपात दिल्या जाणाऱ्या पूर्ण रकमेवर करावयाची असून तीतून खर्चाचा परतावा वगळता येणार नाही. नंतरच्या काळात, खर्चाचे बिल स्वतंत्र असेल आणि त्यात नफ्याचा अंश नसेल तर कपात नको, अशी भूमिका प्राप्तिकर न्यायाधिकरणांनी अनेक प्रकरणांत घेतली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की मेहनतान्याचे आणि खर्चाचे बिल वेगळे असावे व खर्चाच्या बिलाला मूळ पावत्या जोडाव्यात. वरील उदाहरणात एकत्र बिलावर दहा टक्क्यांनी ८,५०० रुपये कापले जातात. वेगळ्या बिलांत सहा हजार. अडीच हजारांचा हा फरक परताव्याच्या रूपाने मिळेल खरा, पण काही महिन्यांनी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बिल वेगळे केल्याने प्राप्तिकराची कपात टळू शकते, वस्तू व सेवा कर टळत नाही. दोन्हींची सरमिसळ हीच सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

अनुमानित कराची सवलत घेणाऱ्यांचे नुकसान याहून वेगळे आहे. चित्रपटनिर्मितीत काम करणारे कॅमेरामन, दिग्दर्शक, संकलक हे प्राप्तिकराच्या दृष्टीने विनिर्दिष्ट व्यवसायात मोडतात आणि त्यांना एकूण प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची मुभा आहे. प्राप्ती ६० हजार धरली तर उत्पन्न ३० हजार. पण प्रवासासह ८५ हजार धरली तर ते ४२,५०० होते. गाडीवाल्याला दिलेल्या पैशांपैकी साडेबारा हजार रुपये निर्मात्याचे उत्पन्न ठरतात. ज्यांच्या कामात प्रवासाचा वाटा मोठा आहे, त्यांनी नियमित हिशेब ठेवून प्रत्यक्ष खर्च दाखवणे फायद्याचे आहे का, हे दरवर्षी तपासायला हवे. नियमित हिशेब ठेवणाऱ्यांनी मात्र एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख रक्कम देणे टाळावे, कारण असा खर्च वजावटीस पात्र ठरत नाही. टेम्पो आणि जनरेटर यांचे भाडे रोखीत चुकते करण्याच्या सवयीला त्यामुळे आळा घालावा लागेल.

पैसा येतो कधी?

या सर्व गोष्टींचा एकत्रित परिणाम खेळत्या भांडवलावर होतो. प्रवासाचे पैसे निर्मात्याच्या खिशातून आधी जातात. मग बिल निघाले की ग्राहकाने पैसे दिले नसले तरी वस्तू व सेवा कर ठरलेल्या मुदतीत भरावा लागतो. शेवटी पैसे येतात तेव्हा टीडीएस कापलेला असतो. एकाच प्रवासासाठी तीनदा पदरमोड होते. मोठ्या कंपन्यांत ६० किंवा ९० दिवसांनी पैसे देण्याची अट असेल, तर लहान निर्माता प्रत्यक्षात ग्राहकाला बिनव्याजी कर्जच देत असतो.

कायदा येथे त्याच्या बाजूचा आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उपक्रमांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि मुदत ठरलेली नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. एकट्याने व्यवसाय करणारा निर्माताही ती करू शकतो. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने १ एप्रिल २०२३ पासूनच्या आर्थिक वर्षासाठी अशी तरतूद केली, की या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ग्राहक कंपनीला ती प्रत्यक्ष देईपर्यंत घेता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापल्याने लेखा विभागाची तत्परता वाढण्यामागे हे कारण आहे. अर्थात, तक्रार केल्यास पुढचे काम मिळणार नाही ही भीती कोणत्याही कायद्याने जात नाही. त्यामुळे थकबाकीनंतर दाद मागण्यापेक्षा आधी उचल घेणे अधिक परिणामकारक ठरते. मेहनताना नंतर, पण तिकिटे व निवास यांचे पैसे निघण्यापूर्वी, एवढा आग्रह धरणे गैर नाही.

प्रवासाचा दिवस कोणाचा?

खर्चाच्या चर्चेत एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे वेळ. पुण्याहून गडचिरोलीला चित्रीकरणासाठी जायचे तर जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस जातो. त्या दोन दिवसांत कॅमेरा चालू नसतो, परंतु निर्माता आणि त्याचे सहकारी दुसरे कामही घेऊ शकत नाहीत. सहायकांना तर त्या दिवसांचे पैसे बहुधा द्यावेच लागतात. काही निर्माते प्रवासाच्या दिवसाला अर्धा दर लावतात. बरेच जण काहीच लावत नाहीत. डॉक्टर किंवा वकील परगावी जाताना आपल्या दिवसाचे मोल सांगतात, तेव्हा कोणाला आश्चर्य वाटत नाही. कॅमेरामनने तेच केले तर मात्र ‘त्या दिवशी तुम्ही शूटिंग कुठे केले?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न कायद्याचा नाही, सवयीचा आहे आणि तो व्यावसायिकांनी एकत्रितपणेच बदलावा लागेल.

करारात काय हवे

या साऱ्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. प्रवासखर्चाची पद्धत, म्हणजे एकरकमी, प्रत्यक्ष की ठरीव दर, ही कोटेशनमध्येच लिहिली जावी. किती माणसे, कोणत्या वर्गाने, कोणत्या दर्जाच्या निवासात, हे त्यात असावे. कर वेगळा आहे, हे स्पष्ट असावे. पावती न मिळणाऱ्या खर्चासाठी दिवसाला एक ठरावीक रक्कम मान्य करून घ्यावी. तिकिटांचे भाडे अमुक टक्क्यांहून अधिक वाढल्यास फरक ग्राहकाचा राहील, आणि ग्राहकाने चित्रीकरण रद्द केले वा पुढे ढकलले तर परत न मिळणारे पैसेही त्याचेच, ही दोन कलमे तर अत्यावश्यक आहेत. आणि हे सर्व ई-मेलवर का होईना, पण काम सुरू होण्यापूर्वी मान्य झालेले असावे. दूरध्वनीवरचे ‘बघू आपण’ हे वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

ग्राहकांच्या बाजूनेही याकडे पाहायला हवे. फुगवलेली टॅक्सीची बिले, न झालेला मुक्काम असे प्रकार या व्यवसायात घडत नाहीत, असे नाही, आणि लेखा विभागाच्या संशयाला त्यांतूनच खतपाणी मिळते. तेव्हा पारदर्शकता ही निर्मात्याचीही गरज आहे. ज्याच्याजवळ तारखेवार नोंद, फास्टॅगचे विवरण आणि गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र आहे, त्याच्याशी वाद घालणे कोणत्याही लेखापालाला अवघड जाते.

स्वस्त कॅमेरे आणि स्वस्त इंटरनेट यांनी व्हिडिओ निर्मितीत उतरणे सोपे केले. त्यात टिकून राहणे मात्र सोपे झालेले नाही. स्पर्धेपोटी जो तो मेहनतान्याचा दर खाली आणतो आणि उरलेला नफा प्रवासाच्या ओळीत गमावतो. सरकारने स्वतंत्र व्यावसायिकांसाठी किलोमीटरचा एक मार्गदर्शक दर जाहीर केला, परताव्याच्या रकमा उलाढालीच्या मर्यादेत मोजण्याबाबत फेरविचार केला, तर या वर्गाला मोठा दिलासा मिळेल. पण त्याची वाट पाहत बसण्याइतका अवधी लहान निर्मात्याकडे नाही. पुढच्या कामाची गाडी ठरवण्यापूर्वी तिचे भाडे कोण, कधी आणि करासह की कराविना देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने लेखी घेतली पाहिजेत. तेवढे केले, तरी बिलातील शेवटच्या ओळीवरचे निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.